मान मिळाला, सामना दिसला नाही : फोंडा तालुक्यातील एका मैदानावरील प्रकरण

गोव्यातील गावोगावच्या फुटबॉल मैदानांवर वयस्क किंवा अधू माणसाला कोणी ताटकळत उभे ठेवत नाही. कोणीतरी खुर्ची आणून देतो, कोणीतरी हात धरून पुढे नेतो, आणि गावात नाव असलेला माणूस असेल तर त्याला थेट प्रमुख पाहुण्यांच्या रांगेत बसवले जाते. ही आपुलकी खरी आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तरीही मैदानाच्या रचनेतील दोष हीच आपुलकी झाकून टाकते, असे माझे मत पुढील प्रकरणावरून बनले. संबंधितांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. व्यक्ती, क्लब आणि गाव यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रकरणातील गृहस्थ ७१ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. गावात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरते. तरुणपणी ते गावच्या संघाचे गोलरक्षक होते. ब्रह्मानंद संखवाळकर यांना गोव्याच्या गोलात उभे असलेले पाहिलेली ती पिढी. गोव्याने जिंकलेल्या १९८३-८४ च्या संतोष करंडक या आंतरराज्य फुटबॉल स्पर्धेचा विषय निघाला की सर आजही खुर्चीत पुढे सरकून बसतात. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डाव्या हातापायातील शक्ती कमी झाली. दोन्ही गुडघ्यांना संधिवात आधीपासूनच होता. घरात ते काठी घेऊन चालतात. अंतर लांबचे असेल तर व्हीलचेअर वापरतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्यांचे उपचार माझ्याकडे चालू आहेत.

त्यांच्या हालचालीविषयी थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. अशा रुग्णाला जिना शिकवताना आम्ही एक सोपा नियम सांगतो : चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. सर उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवतात, उजव्या हाताने कठडा धरून अंग वर उचलतात आणि मग डावा पाय मागून ओढून आणतात. डाव्या पायाचा चवडा पुरेसा उचलला जात नसल्यामुळे बोटे पायरीच्या कडेला अडतात. घरच्या जिन्याच्या पंधरा सेंटिमीटर उंचीच्या पायऱ्या ते अशा रीतीने चढू शकतात. मैदानावरील चिऱ्याच्या बैठकीची पायरी साधारण चाळीस सेंटिमीटर उंच असते, कारण ती मुळात बसण्यासाठी बांधलेली असते आणि चढण्यासाठीही तीच वापरली जाते. ती त्यांच्यासाठी भिंत आहे. शिवाय त्यांच्या उपयोगाचा हात एकच असल्याने, चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो आणि निरुपयोगी ठरतो. कठडा दोन्ही बाजूंना हवा, ही मागणी अनेकांना चैनीची वाटते. सरांसारख्या माणसाच्या बाबतीत एका बाजूचा कठडा म्हणजे फक्त चढण्याची सोय आणि उतरण्याची गैरसोय.

अशी माणसे गोव्यात थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ११.२ टक्के लोक साठीच्या पुढचे होते आणि या बाबतीत केरळनंतर गोव्याचाच क्रमांक लागत होता. यांतील बहुतेकांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही आणि व्हीलचेअरही नाही. गुडघा दुखतो, दम लागतो, तोल जातो एवढेच. आणि तेवढ्यामुळे त्यांचे मैदानावर जाणे हळूहळू बंद होते. ते कधी बंद झाले, हे घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

अंतिम सामन्याचा दिवस

आंतरग्राम स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी दुपारी चार वाजता होता. सरांच्या जुन्या संघातील सहकारी दरवर्षी पश्चिमेच्या बैठकीवर एकत्र बसत आणि झटका येण्यापूर्वी सरही त्यांच्यात असत. या वेळी पुन्हा त्यांच्यासोबत बसायचे, असे ठरवून ते भाच्याच्या गाडीने निघाले.

पाहुण्यांच्या गाड्यांसाठी मैदानाकडे जाणारा रस्ता मोकळा ठेवला असल्यामुळे स्वयंसेवकांनी भाच्याची गाडी बरीच अलीकडे थांबवली. तेथून खडी आणि गवत यांतून व्हीलचेअर ढकलत नेणे भाच्याला जमले, पण फाटकाशी दोघे अडले. गुरे आत शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी नळ्या आडव्यातिडव्या रोवलेल्या होत्या आणि माणसाने अंग तिरके करून त्यांतून जायचे होते. व्हीलचेअर त्यांतून जाणे शक्य नव्हते. सर उठले, काठी आणि भाच्याचा खांदा यांच्या आधाराने नळ्यांमधून पलीकडे गेले, आणि दोन मुलांनी व्हीलचेअर घडी घालून वरून पलीकडे दिली. या सगळ्यात त्यांच्या अंगातली निम्मी ताकद खर्च झाली, आणि सामना सुरू व्हायचा अजून बाकी होता.

आत येताच आयोजकांपैकी एक जण, जो स्वतः सरांचा विद्यार्थी होता, धावत आला. “सर, तुम्ही मागे कशाला? पुढे चला, पाहुण्यांच्या बाजूला बसा,” असे म्हणून त्याने व्हीलचेअरचा ताबा घेतला. सरांनी मित्रांकडे बोट दाखवले, पण तोवर मंडप जवळ आला होता. मंडपात पाहुण्यांसाठी सोफे मांडले होते. सोफ्यांच्या ओळीच्या टोकाला, मंडपाच्या खांबालगत, सरांची व्हीलचेअर लावण्यात आली. भाषणांच्या आधी माइकवरून त्यांचे नाव पुकारले गेले, शाल आणि हार देऊन सत्कार झाला, टाळ्या वाजल्या.

मग सामना सुरू झाला. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण एकशे पंधरा ते एकशे वीस सेंटिमीटरवर असतात. सरांच्या समोर मैदानाच्या कडेला सुमारे एक मीटर उंचीचे जाहिरातीचे फलक होते, फलकांच्या अलीकडे छायाचित्रकार आणि लहान मुले उभी होती, उजवीकडे राखीव खेळाडूंचा बाक होता. जवळच्या स्पर्शरेषेपाशी चाललेला खेळ त्यांना अजिबात दिसत नव्हता. लांबच्या बाजूचा दिसत होता, पण सपाटीवरून पाहताना मैदानाची खोली कळत नाही; चेंडू गोलापासून पाच मीटरवर आहे की पंधरा, हे ओळखता येत नाही. पहिल्या सत्राच्या अखेरीस गोल झाला तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि सरांपुढे केवळ पाठी उरल्या. गोल कोणी केला ते त्यांना माइकवरून कळले. ज्यांच्याशी त्या गोलाविषयी बोलायचे ते मित्र मागे बैठकीवर होते.

मध्यंतरात आणखी एक अडचण आली, आणि तिच्याविषयी सरांनी कोणाला काही सांगितले नाही. त्यांना रक्तदाबासाठी जी गोळी घ्यावी लागते तिने लघवी वारंवार होते. मैदानावरील स्वच्छतागृह बैठकीच्या मागे, दोन उंच पायऱ्या चढून होते आणि आत भारतीय पद्धतीचे भांडे होते. हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक असल्यामुळे त्यांनी त्या दिवशी सकाळची गोळी घेतली नव्हती आणि दुपारपासून पाणीही जवळजवळ प्यायले नव्हते. गोव्यातील दुपारच्या उन्हात, एकदा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता असे करणे किती धोक्याचे आहे, हे मी वेगळे सांगायला नको. माझ्या अनुभवात असे करणारे ते एकटे नाहीत. कार्यक्रमाला, लग्नाला, जत्रेला जायचे म्हणून पाणी तोडणारे आणि गोळी चुकवणारे रुग्ण मला नियमित भेटतात, आणि घरच्यांना त्याची कल्पना नसते.

नियमित वेळ संपली तेव्हा बरोबरी होती. गर्दी सुटली की फाटकातील नळ्यांमधून निघणे अशक्य होईल, म्हणून भाच्याने सरांना त्याआधीच बाहेर नेले होते. सामना टायब्रेकरवर गेला आणि गावच्या गोलरक्षकाने दोन पेनल्टी अडवून तो जिंकून दिला. सर तेव्हा गाडीत होते. पुढच्या उपचारांच्या वेळी ते मला म्हणाले, “बाय, हार घातला, शाल दिली, सगळे केले त्यांनी. पण मी गोलकीपर होतो, आणि पेनल्टी मला बघता आल्या नाहीत.”

काय चुकले

आयोजकांना विचारले असते तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले असते की सरांची उत्तम व्यवस्था केली होती. ‘व्यवस्था’ या शब्दाने त्यांच्या मनात येणारी प्रत्येक गोष्ट त्यांनी केली होती. खेळ दिसणे, सोबत्यांशेजारी बसणे, स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणे आणि सामना संपेपर्यंत थांबता येणे या चार गोष्टी मात्र त्या यादीत नव्हत्या. आणि प्रेक्षक म्हणून मैदानावर येण्याचा अर्थ याच चार गोष्टींत सामावलेला आहे. सत्कार हा पाहुण्याचा असतो. सर पाहुणे म्हणून आलेच नव्हते.

प्रेक्षागृहांच्या रचनेचा जेथे गांभीर्याने विचार झाला आहे तेथे हे प्रश्न नेमके धरले आहेत. अमेरिकेतील दिव्यांगविषयक मानकांनुसार पाच हजारांपर्यंत आसने असलेल्या प्रेक्षागृहात पहिल्या पाचशेंसाठी सहा आणि त्यापुढील दर दीडशे आसनांमागे एक, अशा व्हीलचेअरच्या जागा ठेवाव्या लागतात. आपल्या या मैदानासारख्या सुमारे तीन हजार क्षमतेच्या जागी त्या तेवीस होतात. फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आकाराचे, म्हणजे एकोणीस हजारांच्या आसपास आसनांचे क्रीडागार धरले तर मोठ्या मैदानांसाठीच्या सूत्राने आकडा एकशे सहावर जातो. प्रत्येक जागेशेजारी सोबत्याचे आसन हवे, आणि जेथे प्रेक्षक उठून उभे राहणे अपेक्षित आहे तेथे उभ्या माणसांच्या वरूनही खेळ दिसला पाहिजे, अशा अटी त्यात आहेत. ही मानके भारताला लागू नाहीत. पण ‘सोबती’ आणि ‘उभे राहणारे लोक’ यांचा विचार नियमात लिहिता येतो, एवढे त्यांवरून दिसते. युरोपात याच्या जोडीला, व्हीलचेअर न वापरणाऱ्या पण चालण्यास त्रास होणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळी आसने मोजण्याची पद्धत आहे : रांगेच्या कडेला, कमी पायऱ्यांवर, पाय पसरायला जागा असलेली.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत विरंगुळा व मनोरंजनाच्या जागा येतात, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्यांना पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारस म्हणून ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरवून गोव्याने दिव्यांगांच्या सहभागाविषयी देशभर चांगले नाव मिळवले आहे. त्या उत्सवातील दृष्टी गावच्या मैदानापर्यंत येण्याला मात्र केवळ कायदा पुरणार नाही, कारण तेथे निर्णय घेणारी क्लबची समिती असते आणि तिच्यापुढे प्रश्न मांडणारे कोणी नसते.

समितीपुढे आलेला प्रश्न आणि बंद फाटक

सरांच्या संमतीने मी क्लबच्या समितीला भेटले. पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती : रॅम्प बांधू. रॅम्प कुठून कुठे, हे कोणी विचारले नाही. सुरक्षित उतार एकास बारा मानला जातो, म्हणजे पाऊण मीटर उंच ओट्यावर जाण्यासाठी नऊ मीटर लांब रॅम्प लागतो. त्याहून उभा केला तर ढकलणारा दमतो आणि उतरताना व्हीलचेअर हातातून सुटू शकते. बैठकीपुढे तेवढी जागा नव्हती. मंडपातच फळ्यांचा ओटा करावा, असेही सुचवले गेले. त्याने दिसण्याचा प्रश्न काही अंशी सुटला असता, मित्रांचा आणि स्वच्छतागृहाचा सुटला नसता.

मग आम्ही मैदान फिरून पाहिले. फोंडा तालुक्यातील अनेक मैदानांप्रमाणे हेही टेकडीचा उतार कापून केलेले आहे. पश्चिमेच्या बैठकीची सर्वांत वरची पायरी मागच्या रस्त्याच्या पातळीला येते. त्या रस्त्यावर, बैठकीच्या माथ्याशी, एक लोखंडी फाटक आहे आणि ते कायम कुलूपबंद असते. तिकिटाशिवाय लोक येतात म्हणून कधीतरी बंद केलेले आणि तसेच राहिलेले. फाटकातून आत आल्यावर एकही पायरी न चढता माणूस बैठकीच्या माथ्यावरील रुंद पट्ट्यावर पोहोचतो. तेथून संपूर्ण मैदान दिसते, पुढचे लोक उभे राहिले तरी बरेचसे दिसते, कारण प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा चाळीस सेंटिमीटर उंच आहे. रस्त्याच्या पलीकडे शाळा आहे आणि तिच्या तळमजल्यावर कमोड असलेले स्वच्छतागृह आहे. सरांचे मित्र वरून दुसऱ्या रांगेत बसतात. इतकी वर्षे सगळी अडचण ज्या चाळीस सेंटिमीटरमुळे होती, त्याच उंचीमुळे माथ्यावरून सामना नीट दिसत होता.

खर्चाला कोणाचीच हरकत नव्हती, कारण खर्च जवळजवळ नव्हताच. हरकत वेगळीच निघाली. समितीतील एक ज्येष्ठ सदस्य अवघडून म्हणाले, “सरांना मागच्या फाटकाने आणून सगळ्यांच्या मागे बसवायचे? लोक आम्हांला काय म्हणतील?” हा आक्षेप मनापासून होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्याकडे पुढची जागा मानाची आणि मागची दुर्लक्षाची, हा हिशेब लहानपणापासून अंगात मुरलेला असतो. शेवटी सरांनाच विचारले. ते म्हणाले, “अहो, चाळीस वर्षे मी तिथेच बसत होतो. तेव्हा नाही कोणाला वाईट वाटले ते!”

सरांना आधीच विचारायला हवे होते, हे त्या बैठकीत सर्वांना उमगले असावे, कारण त्यानंतर चर्चा फार सोपी झाली. माथ्यावरच्या पट्ट्यात सहा व्हीलचेअरच्या जागा आखायच्या आणि प्रत्येकीशेजारी एक खुर्ची ठेवायची. हात असलेल्या दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या चालू शकणाऱ्या पण पायऱ्या न झेपणाऱ्यांसाठी ठेवायच्या, कारण गुडघे दुखणाऱ्याला उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो. पट्ट्याच्या कडेला नळीचा कठडा लावायचा, पण तो बसलेल्याच्या नजरेच्या रेषेत येणार नाही एवढ्या उंचीवर. शाळेच्या स्वच्छतागृहाची चावी सामन्याच्या वेळी फाटकावरील स्वयंसेवकाकडे द्यायची. आणि मागच्या रस्त्यावर दोन गाड्यांपुरती जागा दोरी लावून राखायची. मुख्य फाटकातील नळ्यांच्या बाजूला एक उघडता येणारे दारही करायचे ठरले, कारण प्रत्येक व्हीलचेअरवाल्याने मागूनच यावे असा त्याचा अर्थ होता कामा नये.

पुढचा हंगाम

पुढच्या स्पर्धेत सर तीन सामन्यांना आले. त्यांनी गोळी वेळेवर घेतली, हे मी विचारून खात्री करून घेतले. माझ्या दृष्टीने या साऱ्या बदलाचा सर्वांत मोठा वैद्यकीय लाभ तोच होता. मध्यंतरात मित्र चणे आणि सोडा घेऊन वर त्यांच्यापाशी आले. ज्यांची कोणी अपेक्षा केली नव्हती अशी माणसेही माथ्यावर दिसू लागली : गर्भवती सुनेला घेऊन आलेली सासू, पाय प्लास्टरमध्ये असलेला एक खेळाडू, आणि गावातली एक मुलगी जी लहानपणापासून व्हीलचेअर वापरते आणि जिने यापूर्वी एकही सामना मैदानावर पाहिलेला नव्हता. खुर्च्या दुसऱ्याच सामन्याला कमी पडल्या.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. पट्ट्यावर सावली नाही. पश्चिमेची बैठक असल्याने ऊन पाठीवर येते, पण पाऊस आला तर सरांना घाईने हलवता येत नाही. मुख्य फाटकातील दार झाले, मात्र बाहेरची खडी तशीच आहे. एका सामन्याला माथ्यावरील फाटकाची चावी असलेला स्वयंसेवक उशिरा आला आणि सरांना गाडीत वाट पाहत बसावे लागले. त्यावर उपाय म्हणून आता चावीच्या दोन प्रती केल्या आहेत. एक शाळेच्या पहारेकऱ्याकडे असते आणि सामना सुरू होण्याच्या एक तास आधी फाटक उघडणे हे काम, पंच व चेंडू यांच्या व्यवस्थेप्रमाणेच, समितीच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत नावानिशी लिहिलेले असते. छपराचा प्रस्ताव पंचायतीकडे दिला आहे.